बिडीच्या पोस्टरवरची बाई

व्याख्यान द्यायला मी हो का म्हणालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माणिकपूरहून एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल, पण माझ्या वयाला सगळ्याच मुली वाटतात. तिला जुन्या जाहिराती जमवायचा नाद. तंबाखू, तपकीर, बिडी, सिगारेट यांची जुनी पोस्टरं तिने कुठून कुठून गोळा केली होती आणि माणिकपूरच्या एका लहानशा हॉलमध्ये ती दोन दिवस मांडणार होती. उमेळ्याला एक म्हातारे आहेत, ते तरुणपणी गिरगावातल्या छापखान्यात असली पोस्टरं रंगवायचे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "सर, इतिहास सांगाल का? अर्धाच तास." सर म्हटल्यावर मी पाघळलो. छापखान्यात मी 'अरे' होतो आणि नंतर आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवले तेव्हा 'पेंटर'. सर मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

फोन ठेवला आणि मग मनात आलं, की तिच्या त्या ढिगात तो एक कागद असला तर?

समोर बाय वाल सोलत बसली होती. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही. माझी बायको लवकर गेली, तेव्हा माझी दोन्ही मुलं बायनेच वाढवली. मुलं आता पुण्याला असतात, आणि आमची वाडी जिथे होती तिथे उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं म्हातारी राहतो. बायला ऐकू नीट येतं, हे मी नेहमी विसरतो.

"बिडीची पन असतील?" तिने विचारलं.

"असतील."

"मग मी पन येनार."

बाय कुठे जात नाही. नातेवाइकांच्या लग्नाला जात नाही, मुलांनी पुण्याला बोलावलं तर गुडघ्यांचं निमित्त सांगते. पन्नास वर्षांत मी तिला कुठल्या हॉलमध्ये बसलेलं पाहिलेलं नाही. मी म्हणालो, तुला काय करायचंय तिथे, नुसते जुने कागद. ती म्हणाली, बघीन. वाल सोलून झाले, तिने टरफलं गोळा केली आणि आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. तिला कशासाठी यायचंय हे मला कळेना, आणि विचारायची छाती होईना.

आता तो कागद कुठला, हे सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडा इतिहास. त्या मुलीने सांगायला लावला तो इतिहास मी हॉलमध्ये सांगितलाच, इथेही सांगतो.

बिडी घेणाऱ्याला वाचता येत नसे. तो दुकानात जाऊन 'पोपट दे', 'छत्री दे' असं म्हणायचा. म्हणजे नावाच्या आधी चित्र होतं. प्रत्येक कारखानदाराचं एक चित्र, तेच बंडलावर, तेच पत्र्याच्या पाटीवर, तेच पोस्टरवर. पोस्टर जाड कागदाचं, वर-खाली पत्र्याची पट्टी आणि टांगायला दोऱ्याचा फास. सुरुवातीला देव छापायचे. मग देवांच्या चित्राखाली लोक थुंकतात म्हणून म्हणा किंवा देव सगळ्यांनीच छापले म्हणून म्हणा, बायका छापायला लागले. विहिरीवरची बाई, शेतावर भाकरी नेणारी बाई, झोपाळ्यावरची बाई. यातली एकही बाई बिडी ओढायची नाही. ती फक्त बंडल पुढे करायची आणि बघणाऱ्याकडे तिरकं बघून हसायची. पुढे जाहिरातींवर बंदी आली, आणि आता त्याच पाकिटांवर सडलेला गाल छापतात. मला कधी कधी वाटतं, तो गाल छापायच्या आधी कुणीतरी माझ्यासारखाच टेबलावर ठेवून त्याचे रंग ठीक करत असेल. त्याला घरी कुणी विचारत असेल का, काय रंगवतोस?

आमच्या छापखान्यात उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली आम्ही चौघं. एक जण आराखडा काढी, एक जण कपडे आणि दागिने, एक जण अक्षरं, आणि माझा हात बरा म्हणून मला चेहरे. आमच्यात सर्वांत वाईट शिवी होती 'मनातून'. एखादा चेहरा बसला नाही की उस्ताद कागद नाकासमोर धरून म्हणायचे, "मनातून काढलंस ना?" खरा चित्रकार म्हणजे ज्याच्यासमोर माणूस बसतो. म्हणून कारखानदाराचा माणूस आला की उस्ताद त्याला ठोकून सांगायचे, या बाईसाठी आम्ही खास एक बाई बसवली होती, चार दिवस बसवली. आम्ही माना डोलवायचो. प्रत्यक्षात त्या जिन्यावरून वर कुठलीही बाई कधी चढली नाही. आमच्याकडे बसायला धड स्टूल नव्हतं. आम्ही सगळे सगळंच मनातून काढायचो आणि सगळ्यांना सांगायचो की समोर बसवून काढलं. ही थाप आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरीसुद्धा मी तेच सांगायचो.

बाविसाव्या वर्षी मी एक बाई काढली. हिरवं नऊवारी, केसात अबोली, उजव्या हातात बिडीचं बंडल. दोन दिवसांत चेहरा झाला. उस्तादांनी कागद नाकासमोर धरला आणि पहिल्यांदाच काही न बोलता खाली ठेवला. मी हवेत होतो. कारखानदाराच्या माणसाला उस्तादांनी नेहमीची चार दिवसांची गोष्ट सांगितली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, याच्यासमोर बसली होती. मला ते खरंच वाटलं.

मी चित्रं काढायला शिकलो ते आमच्या ओट्यावर. बाय तिथे बसून रोज अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची, आणि माझ्या वहीत काढायला समोर दुसरं काही नसे. तिच्या कपाळावर उजवीकडे केसांची एक बट कधी बसायचीच नाही. वह्याच्या वह्या मी तो चेहरा काढला, बाजूने, समोरून, खाली मान घातलेला. इतका काढला की पुढे पुढे मला बाईचा चेहरा म्हणजे तोच वाटायला लागला असणार. असणार म्हणतो, कारण पोस्टर काढताना बाय माझ्या मनातसुद्धा नव्हती. शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेला काय किंमत आहे, हे पुढे कळेलच.

त्याच वर्षी बायचं लग्न ठरलं होतं. मुलगा निर्मळचा, घरची केळीची बाग, शांत, सायकलवरून यायचा तेव्हा आमच्या कुंपणापाशी उगाचच घंटी वाजवायचा. बाय आतून ऐकायची आणि काही ऐकलं नाही असं दाखवायची. साखरपुडा झाला होता. मग निर्मळची जत्रा झाली आणि जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी मुलाचा मामा आमच्या घरी आला. सोबत दोन जाणती माणसं. मामाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी होती. मला वाटलं, पत्रिकेचा नमुना असेल.

रविवार होता, म्हणून मी घरी होतो. इकडचं तिकडचं झालं. मग मामाने बाबांना विचारलं, "तुमचा मुलगा चित्रांच्या धंद्यात हाय ना?"

बाबा खूश झाले. त्यांना माझ्या कामाचा अभिमान होता, जरी ते कधी बोलले नाहीत. बिड्यांची पोस्टरं रंगवतो, हे मात्र मी घरी सांगितलं नव्हतं. "हा काय. काय इचारायचं ते इचारा त्याला."

मामा माझ्याकडे वळला. "मना सांग. बाईचं चित्र, एकदम हुबेहूब, कोन समोर बसल्याबिगर काढता येतं काय?"

मी विचारसुद्धा केला नाही. इतक्या जाणत्या माणसांत मला पहिल्यांदा कुणी काही विचारत होतं. मी पायावर पाय टाकून उस्तादांच्या आवाजात म्हणालो, "छे. समोर बसल्याशिवाय बाई निघतच नाही. मनातून काढलेली लगेच ओळखू येते."

मामाने मान हलवली आणि सुरळी उलगडली.

जत्रेत बिडीवाल्याच्या दुकानावर ती टांगली होती. हिरवं नऊवारी, अबोली, बंडल. कपाळावर उजवीकडे ती बट. मी स्वतः ते पोस्टर छापून आलेलं पाहिलं नव्हतं. आम्ही चेहरा करून दिला की आमचा संबंध संपायचा. तिथे जमिनीवर उलगडलेलं बघितलं आणि मला पहिल्यांदा दिसलं की ती बाय आहे. मामाला दिसलं, जाणत्यांना दिसलं, बाबांना दिसलं. बाय पाणी घेऊन आली होती, ती तांब्या-पेला घेऊन तशीच दारात उभी राहिली. तिने आधी कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, बाबा उलट ओरडले असते आणि भांडण झालं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "मुलगी कवा मुंबईला जाते काय?"

जायची. आठवड्यातून दोनदा पहाटे बाबांबरोबर फुलं घेऊन दादरला जायची.

"मग बसली असेल," मामा म्हणाला. "हा सांगतोच हाय, बसल्याबिगर निघत नाय."

इथे मी बोलायला हवं होतं. मी काढलं, मनातून काढलं, एवढी चार-पाच शब्दांची गोष्ट. पन्नास वर्षं मी त्या क्षणाकडे परत परत जातो आणि दर वेळी मला वेगळंच कारण सापडतं. एकदा वाटतं, बाबांना घाबरलो. पोरगा सख्ख्या बहिणीच्या हातात बिडी देऊन तिला पानपट्टीवर टांगतो, हे ऐकून त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. एकदा वाटतं, हिशेब केला, की मी काढलं म्हटलं तर हे म्हणतील म्हणजे भावासमोर बसली, म्हणजे घरानेच बसवली, आणि ते जास्तच वाईट. आणि एकदा, हे लिहायची लाज वाटते, पण वाटतं की मला 'मनातून काढलं' हे म्हणायचंच नव्हतं. त्या जाणत्यांसमोर मला खोटा चित्रकार ठरायचं नव्हतं. यातलं खरं कुठलं ते मला आजही उमगत नाही. तिन्ही असतील. नाहीतर चौथंच काही असेल.

लग्न मोडलं. भांडण झालं नाही, नुसता निरोप आला. साखरपुड्याच्या वेळी बायचा एक फोटो त्यांच्याकडे गेला होता, तो परत आला नाही, आणि दुसरा फोटो काढायचं पुढे काही कारण पडलं नाही. बाबांनी एक अंदाज बांधला: दादरच्या फूलबाजारात कुणीतरी चित्रकार हिंडत असेल, त्याने पोरीचा चेहरा बघून ठेवला असेल. मी म्हणालो, असू शकतं. घरात तेच ठरलं. आणखी दोन स्थळं आली आणि चौकशी करून थांबली. मग बायने एके दिवशी बाबांना सांगितलं की आता पोहे करायचे नाहीत. मी दुसऱ्या वर्षी छापखाना सोडला. लोकांना सांगितलं की डोळ्यांना त्रास होतो.

गंमत अशी, की बाबांची ती गोष्ट मीसुद्धा हळूहळू मानायला लागलो. काही वर्षं तर मला अगदी नीट आठवायचा तो चित्रकार, झोळी लटकवलेला, दादरच्या पुलाखाली. मग अचानक जाग आल्यासारखं व्हायचं, की अरे, तो कुठे होता, तो तर मीच. आणि पुढचा गोंधळ असा, की मामाला मी जे सांगितलं ते तसं खोटं होतं का? समोर बसल्याशिवाय बाई निघत नाही. बाय बसलीच होती की माझ्यासमोर, ओट्यावर, वर्षानुवर्षं. मग मी खरं बोललो म्हणायचं का? खरं बोलून तिचा घात केला, की खोटं बोलून? यातून मी कधीच बाहेर आलो नाही.

प्रदर्शनाच्या आधी चार दिवस त्या मुलीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला सुरुवात केली. पंचवीसेक होते. एकविसावा तो होता. खाली तिने लिहिलं होतं, 'हे बघा सर, निर्मळच्या एका जुन्या घरात पेटीत सापडलं, एकदम फ्रेश.'

म्हणजे त्या लोकांनी तो कागद जपून ठेवला होता. मी चष्मा पुसून फोटो मोठा केला. आणि मला काही कळेना. ती बाय नव्हती. गाल फुगीर, डोळे आमच्या छापखान्यात सगळ्या बायकांना द्यायचो तसे लांबट, ओठांचा रंग भलताच. असली बाई मी शंभर पोस्टरांवर पाहिली आहे. या चेहऱ्यावरून लग्न मोडलं? सगळी माणसं काय आंधळी होती? मग मनात आलं, कदाचित मीच विसरलो असेन बाय तेव्हा कशी दिसायची ते. ताडून बघायला फोटो नाही, माझ्या त्या वह्याही कधीच रद्दीत गेल्या. जगात तिच्या तरुणपणाचं काही उरलं असेल तर हा बिडीचा कागद, आणि तोही तिचा आहे की नाही हे मला, काढणाऱ्याला, सांगता येईना. मी ते चित्र दिवसातून दहा वेळा उघडत होतो. दिसायची फक्त ती बट.

बायला आधीच सांगून टाकावं, असं मी रोज ठरवलं. सकाळी ठरवायचं, जेवताना बोलायचं. जेवताना ती विचारायची, आमटी खारट झाली काय? आणि माझं राहून जायचं.

त्या दिवशी बायने ठेवणीतली साडी काढली. मी म्हणालो, गुडघे दुखतील. ती म्हणाली, रिक्षाने जाऊ. हॉलमध्ये पोस्टरं काचेत लावलेली, प्रत्येकावर वेगळा दिवा. ज्या कागदांवर पिचकाऱ्या उडायच्या ते असे देव्हाऱ्यातल्यासारखे बघून मला हसू यायला हवं होतं. बाय एकेका चित्रासमोर थांबत सावकाश पुढे गेली. हिरव्या नऊवारीसमोर ती दुसऱ्या चित्रांइतकीच थांबली, कमी नाही, जास्त नाही. मग येऊन पहिल्या रांगेत बसली. पंधरा-वीस माणसं असतील. त्या मुलीने आम्हाला सांगितलं की निर्मळहूनही एक काका आलेत, त्यांच्याच घरचं एक पोस्टर आहे. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा दुसऱ्या रांगेतून जरा उठला आणि बसला. बायचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, त्या मुलाचा तो धाकटा भाऊ होता. मुलगा स्वतः काही वर्षांपूर्वी गेला. नाक्यावर फलक लागला होता, तो बायने वाचला होता आणि घरी येऊन मला फक्त 'तो गेला' एवढं सांगितलं होतं.

माझं व्याख्यान कसं झालं मला माहीत नाही. पोपट, छत्री, देव, बायका, सगळं सांगितलं. लोक हसले. शेवटी सांगितलं की या पोस्टरांवर छापखान्याचं नाव असतं, पण चित्रकाराचं कधीच नसतं. कुणाला काही विचारायचंय का, असं त्या मुलीने विचारलं आणि बाय उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईचं चित्र कोनी काढलं?"

हॉलमधल्या कुणाला ती माझी बहीण आहे हे माहीत असेल-नसेल. निर्मळच्या म्हाताऱ्याला माहीत होतं. तो पुढे वाकला होता. माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं, बाबा, उस्ताद, दादरचा तो नसलेला चित्रकार, फोनवरचा परका चेहरा. मी म्हणालो, "तसं सांगता येत नाही. एका पोस्टरवर चार-चार हात असायचे. एकाचा आराखडा, दुसऱ्याचे कपडे. ते कुणा एकाचं चित्र नसायचंच."

शब्द न् शब्द खरा होता. लोकांनी माना डोलावल्या. बाय 'बरं' म्हणाली आणि बसली. मग चहा झाला, कुणीतरी माझ्या हातात फुलं दिली, आणि बाहेर येऊन आम्ही उमेळ्याची रिक्षा केली.

स्टेशनच्या बाजूची गर्दी ओलांडून रिक्षा जरा मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा मी बोललो. कसं बोललो देव जाणे. "बाय, ते मी काढलं होतं."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"ते लोक आले त्याच दिवशी. तुझे कान लाल झाले होते." ती बाहेर बघत होती. "आनी माझ्या केसांची बट तुझ्याबिगर कोन काढनार."

मला रडू आलं. मी म्हणालो, मला माफ कर. मी मनातून काढलं होतं, मला माहीतसुद्धा नव्हतं ती तू आहेस. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी बरंच काही बोललो. ती मला थांबवेपर्यंत बोलत राहिलो.

"मना कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मना तर ठाऊकच हाय. तवा तू पोर होतास, म्हनून मी काय बोलले नाय. पन आज तिथं सांगायचं होतंस. तो बसला होता समोर. त्यांच्या घरात अजून बोलतात, की मी बिडीवाल्यासमोर जाऊन बसले."

मी रिक्षावाल्याला म्हणालो, परत माणिकपूरला घे.

हॉलमध्ये खुर्च्या एकात एक घालणं चाललं होतं. सहा-सात माणसं उरली होती. मी धापा टाकत त्या मुलीला म्हणालो, ते हिरवं चित्र मी काढलंय. तिला इतका आनंद झाला की तिने लगेच फोन काढला. "सर, थांबा, परत बोला, इकडे बघून. आणि मॉडेल कोण होतं, तेही सांगा ना."

"माझी बहीण," मी म्हणालो. "पण ती बसली नव्हती."

"म्हणजे मॉडेल होत्या?"

"होती. पण बसली नव्हती. कधीच नाही. मुंबईला नाही, कुठेच नाही. मी मनातून काढलं."

"म्हणजे नव्हत्या," ती म्हणाली आणि तिने फोन खाली केला. "सॉरी सर, मी कन्फ्यूज झाले. बसल्या होत्या की नव्हत्या?"

मी परत सांगायला लागलो आणि माझा मीच अडकलो. ती उरलेली माणसं माझ्याकडे आदराने बघत होती आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. मी पांढरी टोपी शोधत होतो. ते काका केव्हाच गेले, असं कुणीतरी सांगितलं.

बाहेर आलो. बाय रिक्षातच बसून होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"तो होता?"

"नाही. गेला तो."

माणिकपूरच्या चर्चची घंटा वाजत होती, संध्याकाळची माणसं आत जात होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू दे, घरी चल. मला तसंच व्हायला हवं होतं, खरं सांगतो.

तिने पुढे वाकून रिक्षावाल्याच्या सीटवर थाप मारली. "निर्मळला घे."

"अहो आज्जी, आधी उमेळे, मग परत माणिकपूर, आता निर्मळ," तो वैतागला. "एकदा काय ते ठरवा ना."

"ठरलंय," बाय म्हणाली, आणि मला बसायला जागा करून ती आत सरकली.